तिसरी शिफ्ट बंद, गटार चालू

मा. वैद्यकीय अधीक्षक साहेब
आणि रुग्ण कल्याण समितीचे सर्व सन्माननीय सदस्य,

स. न. वि. वि.

मी आपल्या उपजिल्हा रुग्णालयातला डायलिसिसचा रुग्ण. वय ६४. जिल्हा परिषदेच्या शाळांवर आयुष्यभर गणित आणि विज्ञान शिकवलं. निवृत्त झालो आणि तीन वर्षांत दोन्ही किडन्याही निवृत्त झाल्या. तेव्हापासून सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी पाच ते नऊ मी मशीन नंबर चारला जोडलेला असतो. तिसरी शिफ्ट. सिस्टर मला 'गुरुजी' म्हणतात. वॉर्डातल्या मावशींची दोन्ही मुलं माझ्या हाताखाली शिकली, त्यामुळे उशी नेहमी जाड मिळते.

तीन आठवड्यांपूर्वी विभागाच्या दारावर कागद चिकटवलेला दिसला. पाणीटंचाईमुळे डायलिसिसची तिसरी पाळी पुढील आदेशापर्यंत बंद, संबंधित रुग्णांनी जिल्ह्याच्या ठिकाणी नोंदणी करावी. खाली गोल शिक्का. हा कागद वाचायला फाटकातून आत यावं लागतं, आणि फाटकावर नुकतीच कमान रंगवली आहे: 'हरित रुग्णालय, सुंदर रुग्णालय'.

दुसऱ्याच दिवशी आवक-जावकच्या टेबलावर अर्ज दिला. पोच मिळाली. उत्तर मिळालं नाही. गेल्या आठवड्यात पुन्हा गेलो तर 'साहेब मीटिंगला गेलेत' असं कळलं. मीटिंग कसली, तर कायाकल्पच्या, म्हणजे स्वच्छ रुग्णालयांना बक्षीस देणाऱ्या सरकारी योजनेच्या पाहणीची. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे. राग काढायला लिहीत नाही. विभागातल्या सिस्टर आणि टेक्निशियन यांनी मला तीन वर्षं जगवलं आहे, आणि त्यांच्याविरुद्ध यात एक अक्षर नाही.

आधी शिफ्ट बंद झाल्याने काय झालं ते सांगतो. आपल्याकडे मशीन सहा. तिसऱ्या शिफ्टला आठवड्यातून दोनदा येणारे आम्ही अठरा जण. आता आम्ही पहाटे साडेपाचची एसटी धरतो, सत्तर किलोमीटर जातो, तिथे नंबर लागेपर्यंत बाकावर बसतो, चार तास मशीनवर पडतो आणि रात्री परततो. डायलिसिसनंतर अंगातलं तीन लिटर पाणी गेलेलं असतं, बीपी खाली असतो, पायात गोळे येतात. त्या अवस्थेत सत्तर किलोमीटर. आमच्यातली एक बाई शेतमजूर आहे. तिचा एक दिवस जातो आणि सोबत येणाऱ्या मुलाचाही जातो, म्हणजे आठवड्याचे चार रोज. डायलिसिस योजनेत फुकट आहे. बुडालेला रोज कुठल्याच योजनेत बसत नाही. दोन जणांनी तर आठवड्यातून एकदाच जायला सुरुवात केली आहे. त्याचा अर्थ तुम्हाला डॉक्टर म्हणून मी समजावून सांगायला नको.

पाणी नव्हतं म्हणून हे झालं असतं तर मी गप्प बसलो असतो. मराठवाड्यात जन्म गेला, टँकरच्या रांगेत हंडे लावून शाळेत गेलेली पिढी आमची. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर. ते चित्र आम्ही विसरलेलो नाही. पण इथे पाणी आहे, आणि ते कुठे जातं हे मला मशीन नंबर चारच्या मागच्या खिडकीतून दिसतं.

हे पत्र डायलिसिस न करणारेही वाचतील, म्हणून थोडा वर्ग घेतो.

डायलायझर म्हणजे बारीक पोकळ धाग्यांचा जुडगा. धाग्याच्या आतून आमचं रक्त जातं, बाहेरून औषधी क्षारांचं द्रावण. मध्ये अगदी पातळ पडदा. त्यातून रक्तातला युरिया, पोटॅशियम, साचलेलं पाणी बाहेर येतं. द्रावण मिनिटाला ५०० मिलिलिटर या वेगाने वाहतं. चार तासांचे २४० मिनिट, म्हणजे १२० लिटर. निरोगी माणूस दोन-तीन लिटर पाणी पितो आणि त्यात काही वाईट असलं तर पोट, यकृत, किडनी आवरतात. आमच्या रक्ताला एका बैठकीत १२० लिटर पाण्याचा शेजार असतो आणि आवरायला मागे कोणी नसतं. म्हणून ते पाणी वाळूच्या फिल्टरमधून, मग क्लोरीन धरून ठेवणाऱ्या कोळशाच्या फिल्टरमधून, मग पाण्याचा जडपणा काढणाऱ्या सॉफ्टनरमधून आणि शेवटी आरओमधून जातं. आपल्या बोअरचं पाणी असं की चहाच्या पातेल्याला महिन्याभरात आतून पांढरा थर बसतो. आरओ ते पाणी दोन वाटांनी सोडतो: निम्मं शुद्ध होऊन मशीनकडे, आणि उरलेले सगळे क्षार घेऊन निम्मं बाहेर. या बाहेरच्या पाण्याला विभागात 'रिजेक्ट' म्हणतात.

रिजेक्टचा दीड इंची करडा पाइप आपल्या इमारतीच्या मागच्या भिंतीवरून उतरतो आणि चेंबरच्या तोंडाशी संपतो. तिथून गटार.

मागच्या उन्हाळ्यात एकदा लवकर आलो होतो. मावशींकडून पंधरा लिटरची बादली घेतली, हातावरचं घड्याळ बघितलं आणि पाइपाखाली लावली. १०० सेकंदांत भरली. मास्तरकीची सवय, तीनदा मोजलं. एकदा ९८, एकदा १०३, पुन्हा १००. मिनिटाला नऊ लिटर. तासाला ५४०. टेक्निशियनला विचारलं, तर टाकी भरली की प्लांट आपोआप थांबतो. तिन्ही शिफ्टना मिळून दिवसाला साधारण सहा तास चालतो. ५४० गुणिले ६, ३२४० लिटर. दीड दिवसात जवळपास एक पाच हजारी टँकर.

साहेब, मला दिवसाला पाऊण लिटर पाणी प्यायची परवानगी आहे. चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट सगळं धरून. घरी स्टीलच्या तांब्यावर नेलपॉलिशने खूण केली आहे, सकाळी भरायचा आणि रात्रीपर्यंत पुरवायचा. मे महिन्यात ओठ ओले करायला बर्फाचा खडा तोंडात धरतो आणि तोही हिशेबात लिहितो. असा माणूस चार तास आडवा पडून मिनिटाला नऊ लिटर पाणी गटारात पडताना ऐकतो. ऐकतो म्हणतोय, कारण खिडकी बंद केली तरी आवाज येतो.

आता बंद केलेल्या शिफ्टचा हिशेब. तीन शिफ्टना ३२४० लिटर रिजेक्ट, तर दोन शिफ्टना २१६०. आणि एका शिफ्टला एकूण पाणी किती लागतं? सहा रुग्णांचे १२० प्रमाणे ७२० लिटर. मशीन धुणं, निर्जंतुक करणं धरून हजार समजू. तेवढं शुद्ध पाणी मिळवताना आरओ १०८० लिटर बाहेर टाकणार. म्हणजे २०८०. पहिल्या दोन शिफ्ट जे पाणी गटारात सोडतात, तेवढ्यावर तिसरी शिफ्ट चालते आणि वर ऐंशी लिटर उरतात. सातवीच्या मुलाला घातलं असतं तर सोडवून दाखवलं असतं.

रिजेक्ट पुन्हा आमच्या मशीनला लावा, असं मी म्हणत नाही. तसं नकोच. पण आज संडासाच्या फ्लशला, फरशी पुसायला, चादरींच्या पहिल्या धुण्याला त्याच वरच्या टाकीतलं टँकरचं पाणी जातं. शंभर खाटांपर्यंतच्या रुग्णालयाला दर खाटेमागे दिवसाला ३४० लिटर पाणी लागतं असं आपलं भारतीय मानक धरतं. त्यातलं फ्लशचं आणि फरशीचं पाणी दोन हजार लिटरांपेक्षा कितीतरी जास्त. तिथे रिजेक्ट वळवा, टँकरचं तेवढं पाणी मोकळं होईल, ते आरओला द्या.

एक आक्षेप मला आधीच ऐकवण्यात आला: 'गुरुजी, ते डायलिसिसचं पाणी आहे, इन्फेक्शन होईल.' हा घोटाळा दूर करायला हवा. पाणी दोन आहेत. एक, मशीनमधून निघालेलं वापरलेलं द्रावण. त्यात आमच्या शरीरातली घाण असते, ते सांडपाणी प्रक्रियेलाच गेलं पाहिजे, त्याला हात लावू नका. दुसरं, आरओचं रिजेक्ट. ते मशीनपर्यंत पोचतच नाही. त्यात आपल्याच बोअरचे क्षार आहेत, दुप्पट दाट. बाकी काही नाही. पिऊ नये, आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजल्याशिवाय झाडांना घालू नये, जमीन खारवेल. फ्लशला उत्तम.

यात नवीन शोध काहीच नाही. ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग शहरात, तिथल्या मोठ्या दुष्काळाच्या काळात, डायलिसिस विभागाचं रिजेक्ट पाणी टाकीत साठवून संडासांना, बागेला, उपकरणं निर्जंतुक करण्याच्या वाफेला वापरू लागले. मूत्रपिंडरोगाच्या डॉक्टरांत ते उदाहरण प्रसिद्ध आहे. इकडे लागेल काय? दोन हजार लिटरची काळी टाकी, अर्ध्या एचपीची मोटर, तळमजल्याच्या आणि पहिल्या मजल्याच्या संडासांकडे जाणारी एक वेगळी लाइन, आणि तिच्यावर 'पिण्याचे पाणी नाही' असा ठळक लाल अक्षरांचा पट्टा. गावातला कुठलाही प्लंबर आठ दिवसांत करील. कमानीचं बिल आणि हे बिल एकदा शेजारी ठेवून बघा.

पाण्याबद्दल एवढं लिहिलं कारण ते माझ्या रक्ताचं आहे. बाकीचं वाट बघताना बाकावर बसून दिसलेलं.

कचऱ्याचं आधी. माझ्या एका बैठकीत एक डायलायझर, रक्ताच्या नळ्यांचा संच, सलाइनच्या बाटल्या, सिरिंज, दोन जाड सुया, हातमोजे, गॉज आणि या सगळ्यांची वेष्टणं निघतात. आठवड्यातून दोनदा, तीन वर्षं. मला ते बघून अपराधी वाटतं, खोटं कशाला बोलू. आमच्या लहानपणी दवाखान्यात काचेची सिरिंज उकळून वापरायचे, तिला पुन्हा बोलवा असं म्हणणारे मित्र मला भेटतात. त्यांना मी सांगतो, त्या सिरिंजने किती जणांना कावीळ दिली तेही आठवा. निर्जंतुक वस्तूंत काटकसर करा असं माझं अजिबात म्हणणं नाही. मी जगतो आहे तो याच प्लास्टिकवर.

म्हणणं त्यापुढचं आहे. जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ साली आले. तुमच्या भिंतीवर त्यांचा तक्ता लावलेला आहे, रंगीत, लॅमिनेट केलेला. पिवळ्या पिशवीत रक्तामांसाचा, जाळायचा कचरा. लाल पिशवीत नळ्या, बाटल्या, हातमोजे, जे निर्जंतुक करून पुनर्वापराला जाऊ शकतं. सुया-पाती पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात. काच निळ्यात. आता तक्त्याखालच्या पिवळ्या पिशवीत गेल्या आठवड्यात मी काय बघितलं ते सांगतो: चहाचे कागदी कप, बिस्किटाचा पुडा, कुणाला तरी डिस्चार्ज मिळाल्याचा झेंडूचा हार आणि वर्तमानपत्र. जागतिक आरोग्य संघटना सांगते की रुग्णालयाच्या कचऱ्यातला सुमारे ८५ टक्के घरच्या कचऱ्यासारखा निरुपद्रवी असतो, धोकादायक साधारण १५ टक्के. पण या पंधरात ते पंच्याऐंशी मिसळले की शंभरच्या शंभर धोकादायक. मग सगळं जाळायला जातं. ज्या गावाशेजारी जळतं, तिथले लोक ते श्वासात घेतात. मुंबईत गोवंडीच्या रहिवाशांना अशाच एका प्रकल्पाच्या धुराविरुद्ध उच्च न्यायालयात जावं लागलं होतं.

आणि सगळं प्रकल्पात तरी जातं का? आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी शवविच्छेदन गृहाच्या मागून काळा धूर येतो. कोणी म्हणतं पालापाचोळा आहे. पाल्याच्या धुराला रबराचा वास येत नाही, आणि पाला काय ते मला कळतं. प्रकल्पाच्या भट्टीत दुसऱ्या कक्षाचं तापमान १०५० अंशांच्या आसपास ठेवायचं असतं, ते उगीच नाही. क्लोरीन असलेलं प्लास्टिक उघड्यावर, मंद आगीत जळलं की डायॉक्सिन तयार होतं. ते विष हवेतून गवतावर, गवतातून म्हशीत, दुधातून घरात येतं. त्या धुराच्या वाऱ्याच्या दिशेला प्रसूतीचा वॉर्ड आहे.

आता जे लिहितो ते लिहिताना हात जड होतो. तुमच्याकडे कंत्राटी सफाई कामगार म्हणून काम करणारा एक मुलगा माझा विद्यार्थी आहे. मुलगा म्हणजे पस्तिशीचा, पण मला सातवी 'ब' मधलाच दिसतो. दिवाळीच्या सुमारास पिशवी उचलताना पातळ प्लास्टिकमधून सुई त्याच्या मांडीत गेली. पांढऱ्या डब्यात असायला हवी होती, पिवळ्या पिशवीत होती. सुई कोणत्या रुग्णाची, कोणालाच माहीत नाही. त्याला हिपॅटायटिस बी ची लस कधीच दिलेली नव्हती. ठेकेदार म्हणाला रुग्णालयाने द्यायची, रुग्णालयातून सांगितलं ठेकेदाराने द्यायची. नियमात हे स्पष्ट लिहिलेलं आहे: कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देण्याची जबाबदारी रुग्णालय चालवणाऱ्याची. पुढचे सहा महिने तो तपासण्यांना एकटा जात राहिला, बायकोला सांगितलं नाही. मला सांगितलं. सुदैवाने रिपोर्ट चांगले आले. पण लस? मागच्या सोमवारपर्यंत त्याला मिळालेली नव्हती. त्याच्या बरोबरच्या दहा-बारा जणांनाही नाही.

पाऱ्याचं थोडक्यात. ओपीडीत अजून जुनी पाऱ्याची बीपी मशीन आहेत. हिवाळ्यात एक टेबलावरून पडलं. मावशींनी झाडूने गोळ्या गोळा केल्या, म्हणजे मोठ्या गोळ्यांच्या शंभर लहान केल्या, आणि वर पंखा चालू. प्रयोगशाळेत मीसुद्धा मुलांच्या तळहातावर पारा ठेवून 'बघा, धातू असून वाहतो' म्हणायचो, त्याची आज लाज वाटते. ताप बघायच्या काचेच्या थर्मामीटरमध्ये ग्रॅमभर पारा असतो, बीपीच्या एका मशीनमध्ये ८० ते १०० ग्रॅम. तो खोलीच्या तापमानाला हळूहळू वाफ होऊन हवेत जातो. पाऱ्याची उपकरणं हद्दपार करणारा मिनामाता करार भारताने २०१८ मध्येच मान्य केला आहे. उरलेली मशीन मोजा, डब्यात बंद करा, परत करा. डिजिटल मशीनला कोणी नाही म्हणत नाही.

आणि वीज. छतावर सौर पॅनेल आहेत. मोठ्या समारंभाने बसवले होते, मी पेढा खाल्ला होता (पोटॅशियम बघून, अर्धाच). आता त्यांच्यावर इतकी धूळ आहे की कबुतरांच्या पायांचे ठसे उमटतात, आणि जिन्याखालच्या इन्व्हर्टरचा लाल दिवा कित्येक महिने तसाच आहे. वीज गेली की डिझेलचा जनरेटर. मार्चमध्ये जनरेटर सुरू व्हायला वेळ लागला आणि मशीनच्या बॅटऱ्यांनी मान टाकली. तेव्हा दोन सिस्टर आणि एक टेक्निशियन मशीनमागून मशीन धावत, हँडल लावून, हाताने रक्ताचे पंप फिरवत होते. नळ्यांतलं रक्त गोठायच्या आत आमच्या अंगात परत गेलं पाहिजे ना. माझ्या पंपाला मीच मोकळ्या हाताने हँडल धरलं. छत्तीसगडमध्ये शेकडो प्राथमिक आरोग्य केंद्रांना सौर पॅनेलचा आधार आहे, दुर्गम भागात. आपल्याला छतावर चढून पॅनेल पुसायचे आहेत. (त्यासाठी मात्र रिजेक्टचं पाणी वापरू नका, क्षाराचे डाग पडतील.)

झाडांबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण कमानीमुळे बोलावं लागतं. मागच्या ५ जूनला पन्नास रोपं लावली. फोटोत मीही आहे, डावीकडून तिसरा, हाताला पट्टी. मृग निघायच्या आधी, तापलेल्या मुरमात रोप लावणारा शेतकरी या तालुक्यात तुम्हाला शोधून सापडणार नाही. पन्नासातली चार जगली आहेत. चारही चहाच्या टपरीजवळची, कारण टपरीवाला पेले विसळलेलं पाणी त्यांना घालतो. रुग्णालयाच्या आवारात पाण्याचा पुनर्वापर करणारा आज तो एकटाच माणूस आहे. हरित रुग्णालयाचं प्रमाणपत्र द्यायचंच असेल तर त्याला द्या.

तुमची बाजू मला दिसत नाही असं नाही. डॉक्टरांची पदं रिकामी, औषधांचा पुरवठा वेळेवर नाही, वरून रोज नवा अहवाल मागतात, त्यात हा म्हातारा मास्तर पाइप मोजत बसला आहे. पर्यावरण हे सगळं नीट चालल्यावर करायचं काम, असं तुमच्या जागी असतो तर मलाही वाटलं असतं. मीही शाळेत वृक्षदिंडी काढून तेवढ्यावर समाधान मानलेलं आहे. पण वरचे मुद्दे पुन्हा वाचा. प्रत्येकाच्या टोकाला कोणीतरी माणूस आहे. पाणी गटारात गेलं, अठरा जणांचं डायलिसिस गेलं. सुई चुकीच्या पिशवीत गेली, एका घराचे सहा महिने गेले. जगभरातल्या एकूण उत्सर्जनात आरोग्यसेवेचा वाटा ४.४ टक्के असल्याचा एक अंदाज २०१९ मध्ये आला होता. आपल्यासारख्या रुग्णालयाचा त्यात वाटा तो किती, कणभर. त्या कणाचं ओझं मी तुमच्यावर टाकत नाही. हवामान बदल आणि मानवी आरोग्य यावरचा केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ पासून आहे, रुग्णालयांनी पाणी-वीज जपावी हे त्यातही आहे, तेव्हा मी जे मागतो आहे त्याला वरून कोणी हरकत घेणार नाही एवढंच सांगायचं.

मागण्या अशा:

१. रिजेक्टच्या पाण्यासाठी टाकी, मोटर आणि संडासांकडे जाणारी वेगळी लाइन. रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून, याच महिन्यात. लाइन होईपर्यंत रिजेक्ट पाइपाखाली ड्रम ठेवून फरशीसाठी ते पाणी वापरायला आजपासून हरकत नाही.

२. तिसरी शिफ्ट पुन्हा सुरू. त्याला लाइन पूर्ण होण्याची वाट बघू नका. पंधरा दिवसांचे जादा टँकर मागवा, त्यासाठीच्या अर्जावर आम्ही अठरा जण सह्या करतो.

३. सफाईच्या प्रत्येक कामगाराला, तो कोणाच्याही पगारपत्रकावर असो, हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस. यादी नोटीस बोर्डावर लावा, नावं नकोत, फक्त किती जण आणि किती डोस झाले.

४. आवारात काहीही जाळणं बंद. पिवळी पिशवी प्रत्येक वॉर्डात कोणी भरली, कोणी तपासली, याची रोजची सही. नातेवाइकांसाठी ओल्या-सुक्या कचऱ्याचे साधे डबे दारातच ठेवा, म्हणजे चहाचा कप पिवळ्यात जाणार नाही.

५. पाऱ्याची उपकरणं मोजून बंद. सौर यंत्रणा दुरुस्त, आणि ती दुरुस्त होईपर्यंत डायलिसिसच्या सहाही मशीनच्या बॅटऱ्या बदला. ही बॅटऱ्यांची मागणी पर्यावरणाची नाही, माझ्या हाताची आहे.

समितीच्या पुढच्या बैठकीत रुग्णांच्या वतीने पाच मिनिटं मिळाली तर हिशेब फळ्यावर मांडून दाखवीन. फळा नसला तरी चालेल, खडू माझ्याकडे आहेत.

येत्या गुरुवारी मी साडेपाचच्या एसटीत असेन. रात्री परतताना फाट्यावर उतरून मागच्या गल्लीने घरी जातो, ती गल्ली रुग्णालयाच्या मागच्या भिंतीला लागून आहे. पंधरा लिटरची एक बादली मी आरओच्या खोलीबाहेर ठेवून आलो आहे. निळी आहे, कडी जरा वाकडी आहे. ती पाइपाखाली सरकवायला निविदा काढावी लागणार नाही.

आपला विश्वासू,
मशीन नंबर चार, तिसरी शिफ्ट